स्वाराच्या अंगावर लोखंड किती?

ग्वाल्हेर म्हटले की गोमंतकीय माणसाला सर्वप्रथम आठवते ते गाणे. तानसेनाची कबर, हद्दूखाँ-हस्सूखाँ, ग्वाल्हेर घराण्याचा मोकळा आवाज. आमच्याकडे गाण्याच्या बैठकीत बसणारा कोणीही हे सांगेल. पण ग्वाल्हेरशी आपला जो दुसरा संबंध आहे तो फारसा कोणी सांगत नाही. तो गळ्याचा नाही, घोड्याच्या पाठीवरचा आहे. पेडणे महालातल्या केरी गावचे (सत्तरीचे किंवा फोंड्याचे केरी नव्हे, तेरेखोलच्या मुखाजवळचे) जिवबादादा केरकर हे महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले. आपल्या सारस्वतांपैकीच लखबादादा लाड हे त्यांच्या बरोबरीने उत्तरेत गाजले. पेडणे तेव्हा सावंतवाडीकरांकडे होते. पोर्तुगीजांच्या हाती ते आले १७८८ मध्ये. तोवर केरीचा हा माणूस यमुनेकाठी हजारो घोडेस्वारांची हजेरी घेत होता.

बक्षी म्हणजे नुसता सेनापती नव्हे. फौजेची हजेरी, पगार, घोड्यांची मोजदाद हा मूळ बक्षीगिरीचा कारभार. स्वार आला का, घोडा कसा आहे, अंगावर हत्यार काय आहे, हे पाहायचे आणि मग पैसा मोजायचा. तेव्हा स्वाराने अंगावर किती संरक्षण चढवावे हा प्रश्न जिवबादादांच्या दृष्टीने शौर्याचा जितका, तितकाच हिशेबाचाही होता. आज दुचाकी दाराबाहेर काढताना हेल्मेट घ्यावे की हँडलला अडकवावे, पूर्ण बाह्यांचे जाकीट या उकाड्यात घालावे की नुसता टी-शर्ट, चपला चालतील की बूट हवेत, असा विचार मनात येतो ना? त्याचीच ही जुनी आवृत्ती.

मराठी फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारच्या पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येई. हा फरक वाटतो त्याहून फार मोठा आहे. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचे नुकसान. शिलेदाराचा घोडा पडला तर त्याचे पोट गेले. म्हणून शिलेदाराचा जीव स्वतःच्या छातीपेक्षा घोड्याच्या पाठीत अधिक अडकलेला असे. आपल्या भाषेत एक शब्द आहे, पाखर. मायेची पाखर आपण म्हणतो आणि डोळ्यांपुढे पंखाखाली पिलांना घेणारा पक्षी येतो. पण जुन्या शब्दकोशात पाहावे तर पाखर म्हणजे हत्ती-घोड्यांच्या अंगावर घालायचे चिलखती आवरण. माया आणि लोखंड एका शब्दात नांदतात, हे मला फार आवडते.

स्वाराची स्वतःची आयुधे तशी पुष्कळ होती. कड्यांत कडी गुंतवून केलेले चिलखत, त्याला बख्तर किंवा जिरह म्हणत. छाती, पाठ आणि दोन्ही बगलांवर पत्रे बांधायचा चारआईना. कोपरापासून मनगटापर्यंतचे दस्ताने. डोक्यावर जिरेटोप, त्याला मागे मानेवर लोंबणारी कड्यांची झालर. शिवाय गेंड्याच्या कातड्याची ढाल. ज्यांना एवढे परवडत नसे ते कापूस भरून जाड शिवलेला अंगरखा घालीत आणि डोक्यावर अनेक वार कापड गुंडाळीत. पागोट्याचे पदर तलवारीचा ओझरता वार बऱ्यापैकी झेलतात. पागोटे ही केवळ शोभेची वस्तू असे आज वाटते, ते छायाचित्रांमुळे.

एक साधे कड्यांचे चिलखत आठ-दहा किलो सहज भरते. त्यावर पत्रे, टोप, ढाल, तलवार, भाला. आता हे ओझे कोणी वाहायचे? दख्खनी घोडे बुटके, काटक. भीमथडीचे तट्टू दिवसच्या दिवस चालेल, मूठभर दाण्यावर निभावून नेईल, घाट चढेल. पण त्याच्या पाठीवर लोखंडी माणूस बसवला की त्याचे मुख्य भांडवलच, म्हणजे मजल मारण्याची ताकद, निम्मी होते. पहिल्या बाजीरावाने १७२८ मध्ये निजामाला पालखेडला कोंडीत धरले ते तोफा आणि जड सामान न बाळगता केलेल्या वेगवान हालचालींच्या बळावर. या युद्धपद्धतीत वेग हेच चिलखत होते. शत्रूचा वार पोचेल त्या जागी आपण नसायचे, ही त्यातली मेख. म्हणून साधा मराठी स्वार बहुधा हलक्या कपड्यांत दिसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या गोव्याच्या माणसाला लगेच कळेल. नद्या, खाड्या, भरती-ओहोटी. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीमहाराजांनी जुवें बेटावर हल्ला केला, विजरई कोंदि द आल्व्होर घायाळ होऊन कसाबसा माघारी परतला, हा प्रसंग आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. त्याच मोहिमेत महाराजांनी घोडा खाडीत घातला, भरतीच्या पाण्यात घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवले, अशी हकिकत परंपरेने चालत आली आहे. मांडवीच्या भरतीत अंगावरचे दहा किलो लोखंड वैऱ्याचे काम करते, हे सांगायला युद्धशास्त्र लागत नाही.

पण म्हणून मराठे चिलखत घालीतच नव्हते, बेडर होते, उघड्या छातीने लढत, असे जे भाषणांतून सांगितले जाते ते मात्र खरे नव्हे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली शिवाजीमहाराज अफझलखानाच्या भेटीला गेले तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता. तिथे वेगाचा उपयोग नव्हता. शामियान्यात, हाताच्या अंतरावर, एका बलदंड माणसाच्या मिठीत जायचे होते. खानाचा वार चिलखतावर निभावला. ज्या राजाने आयुष्यभर हलक्या स्वारांची लढाई केली त्यानेच त्या दिवशी लोखंड अंगावर घेतले, आणि घेतले हे दिसूही दिले नाही. काय घालायचे हे त्यांनी धोका पाहून ठरवले. समोरच्याला आपण कसे दिसू याचाही विचार केला, पण संरक्षण टाकून नव्हे.

आता ग्वाल्हेरकडे वळू. शिंद्यांच्या घराण्याने या प्रश्नाची किंमत एका दिवसात मोजली, १४ जानेवारी १७६१ ला. त्याच्या वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० ला, दत्ताजी बुराडी घाटावर पडले होते. पानिपतावर तुकोजी गेले, जनकोजी पकडले जाऊन मारले गेले. राणोजींचा उरलेला मुलगा महादजी दक्षिणी घोडीवरून निसटला. पुढची गोष्ट महादजी स्वतः सांगत असत आणि माल्कमने ती आपल्या माळव्यावरच्या ग्रंथात नोंदवली आहे. एक धिप्पाड अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला. महादजींची घोडी नामांकित, चपळ. ती दूर निघून जाई, विसाव्याला थांबावे तर मागून तो अफगाण आपल्या मोठ्या, जड घोड्यावरून त्याच संथ चालीने येताना दिसे. कोसच्या कोस हे चालले. शेवटी घोडी थकली, एका खाचेत पडली. अफगाणाने गाठून कुऱ्हाडीचा घाव पायावर घातला, अंगावरचे होते नव्हते ते लुटले आणि महादजींना तिथेच टाकून गेला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवले. महादजी जन्माचे लंगडे झाले. राणेखानाला त्यांनी पुढे भाऊ मानले आणि मोठा सरदार केले. तो अफगाण म्हातारपणीही स्वप्नात मागे लागतो, असे ते म्हणत.

ही कथा मला नेहमी अस्वस्थ करते. वेग हेच चिलखत, असे वर म्हटले. पण तो वेग घोडीच्या दमाइतकाच टिकतो. एकदा घोडी पडली की स्वार नुसता कापड गुंडाळलेला माणूस उरतो. आणि घाव कुठे बसला? पायावर. चिलखतवाल्यांचेही पाय बहुधा उघडेच असत. छाती आणि डोके झाकायचे, पाय रिकिबीत मोकळे ठेवायचे, हा सगळ्यांचाच रिवाज. आजच्या दुचाकीवाल्याचेही गुडघे, घोटे असेच उघडे असतात.

त्याच लढाईत उलट बाजूचे चित्र काशीराजाने लिहून ठेवले आहे. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाई त्याने डोळ्यांनी पाहिली. मराठ्यांच्या घणाघाती हल्ल्याने अब्दालीची मधली फळी फुटली तेव्हा वजीर शाहवलीखान नखशिखान्त चिलखतात, घोड्यावरून पायउतार होऊन, पळणाऱ्या आपल्या लोकांना शिव्याशाप देत होता, आपला मुलूख दूर आहे, पळून जाल कुठे, असे विचारत होता. जड चिलखताचा माणूस पळू शकत नाही. त्यामुळे तो थांबतो. लोखंडाचा हा उपयोग कोणत्याही कारागिराच्या मनात नसेल.

महादजी यातून जे शिकले ते मात्र चिलखताबद्दल नव्हते. ते बंदुकीबद्दल होते. सव्हॉयकर दी बॉयन याला नेमून त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या. १७९० च्या पाटण आणि मेडता येथल्या लढायांत जिवबादादा शिंद्यांच्या मराठी फौजेच्या प्रमुखांपैकी एक होते. पाटणला इस्माईल बेगचे स्वार थेट तोफांपर्यंत आले, गोलंदाज कापले, आणि तरी पलटणींच्या माऱ्यापुढे फुटले. मेडत्याला राठोड केशरी वस्त्रे नेसून पुन्हा पुन्हा चालून आले. केशरी वस्त्र म्हणजे परत न येण्याची शपथ. त्या शपथेपुढे आणि छर्‍यांपुढे चिलखत असले काय आणि नसले काय, सारखेच. तलवारीचा वार आणि दुरून आलेला बाण यांच्यासाठी केलेल्या कड्या गोळीला अडवीत नाहीत. उलट फुटलेली कडी जखमेत जाते. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, खर्ड्यावर जिवबादादा शिंद्यांचे सैन्य घेऊन पुन्हा दिसतात. १७९६ मध्ये ते वारले. त्यानंतरच्या पिढीत चिलखत हळूहळू अंगावरून उतरून भिंतीवर गेले. दौलतरावांच्या छावणीचे शहर झाले, त्याला अजून लष्करच म्हणतात. जयाजीरावांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा बांधला तोवर ढाली-तलवारी ही सजावटीची वस्तू झाली होती.

मधे १८५८ आहे.

राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब यांनी १ जून १८५८ ला ग्वाल्हेर घेतले. शिंद्यांचे सैन्य त्यांना मिळाले, जयाजीराव आग्र्याला निघून गेले. राणीच्या पोशाखाविषयी मराठीत आपल्याकडे अव्वल साक्षीदार आहे तो वरसईचे विष्णुभट गोडसे. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये राणी कधी पायजमा, बंडी आणि डोक्याला बत्ती बांधून पुरुषी वेषात दरबारात येते, आणि पुढे काल्पीच्या वाटेवर पठाणी वेषात, धुळीने माखलेली, तहानलेली विहिरीपाशी भेटते. दोन्ही वेष स्वाराचे आहेत. सैल, हलके, मांड घट्ट बसावी असे. शेवटच्या दिवशीच्या ज्या हकिकती आल्या त्यांतही जाकीट, तुमान आणि पागोटे आहे, गळ्यात मोत्यांचा हार आहे असेही सांगतात. लोखंडाचा उल्लेख नाही. हा वेष अविचाराचा नव्हता. ग्वाल्हेरला जूनमध्ये पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा उन्हात कड्यांचे चिलखत म्हणजे तवा. आणि समोर कार्बाइन होत्या.

उन्हाने किती माणसे मारली हे पलीकडच्या बाजूला विचारावे. सर ह्यू रोजला मे महिन्यात कोंचच्या लढाईत अनेकदा उष्माघाताने आडवे व्हावे लागले, पाणी मारून तो पुन्हा घोड्यावर चढला. त्याचे गोरे शिपाई गोळीपेक्षा उन्हाने अधिक हवालदिल होते. टोपीवर पांढरे कापड घालून ते मानेवर सोडायची पद्धत तेव्हा रूढ होत होती, हॅवलॉक या सेनापतीच्या नावानेच ते कापड ओळखले जाई. त्यांनाही प्रश्न तोच होता, फक्त शत्रू आकाशात होता.

कोटा की सराय येथे ८ व्या हुसार पलटणीने चाल केली. चार वर्षांपूर्वी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या दरीत तोफांच्या तोंडी घोडी घातली त्या पलटणींपैकी ही एक. त्या दिवशीच्या चालीबद्दल या पलटणीच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच गर्दीत राणी पडली. इंग्रजी कागदांत तारीख १७ जून आहे, ग्वाल्हेरला बलिदानदिन १८ जूनला पाळतात. जखमांबद्दल हकिकती वेगवेगळ्या आहेत. द. ब. पारसनिसांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या चरित्रात डोक्यावर बसलेल्या तलवारीच्या वाराचे वर्णन आहे. नवा घोडा ओढ्यापाशी अडला, उडी घेईना, ही गोष्ट तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. पुन्हा तेच. महादजींची घोडी खाचेत पडली, राणीचा घोडा ओढ्याशी थबकला. वेग गेला आणि संरक्षणही गेले. फुलबागेतल्या समाधीजवळ तिचा अश्वारूढ पुतळा आहे, त्यात घोडा अर्थातच उधळलेला दाखवला आहे.

हे सगळे आठवायचे कारण, हेल्मेटच्या विषयावर आपल्याकडे कोणी ना कोणी मराठ्यांना मधे आणतोच. आमचे पूर्वज डोक्याला फडके बांधून अटकेपर्यंत गेले, आणि तुम्ही आम्हाला म्हापशाच्या बाजारात जायला टोप घालायला सांगता! हा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण तो मुळातच उलटा आहे. हलक्या मराठी स्वाराला वेग वाचवीत असे, कारण धोका बाहेरून येत होता आणि वेगाने तो मागे पडत होता. मोटारसायकलवर धोका वेगातूनच निर्माण होतो. तिथे तलवार घेऊन मागे लागलेला कोणी नसतो. डांबर असते, दुभाजक असतो, पावसाने गुळगुळीत झालेले वळण असते, रस्त्यात बसलेली गाय असते. साठच्या वेगाने जाणाऱ्या माणसाचे डोके हाच इथला फेकलेला गोळा. तेव्हा या प्रसंगाचे नाते पालखेडशी नाही, प्रतापगडच्या शामियान्याशी आहे. निसटून जायला जागा नाही, वार बसणारच, आणि तो झेलायचा आहे.

हे शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडले गेले तेही एका प्रसिद्ध स्वाराच्या मृत्यूनंतर. अरबस्तानच्या वाळवंटात उंटांवरून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनात ही केस राहिली. १९४१ मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर लेख लिहिला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना अवघे सात सापडले, आणि सातही जगले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या संदेशवाहक स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकीवरच्या दोघांनाही हेल्मेट सांगते. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. पागोट्याच्या पदरांबद्दल वर जे लिहिले ते तलवारीला लागू होते, रस्त्याच्या कडेच्या दगडाला नव्हे, हे सूट घेणाऱ्यालाही ठाऊक असते. पण तिथे प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो मी त्यांच्यावर सोडतो. बाकीच्यांचा आकडा असा: २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेली ५०,०२९, आणि या पन्नास हजारांत १४,३३७ मागे बसलेली होती. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष म्हणजे हेल्मेटने मृत्यूची शक्यता ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी घटते.

आता उरला उकाडा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण जूनमधल्या ग्वाल्हेरच्या उन्हाने भल्याभल्यांना आडवे केलेले आपण पाहिले, आणि आमच्याकडे मे महिन्यात पणजी-मडगाव रस्त्यावर सिग्नलला उभे राहिले की घामाच्या धारा डोळ्यांत उतरतात. चामड्याचे जाकीट, गुडघ्यांची कवचे, घोट्यापर्यंतचे बूट, हे सगळे युरोपच्या हवेत ठीक. आपल्याकडे रोज बाजारहाटाला निघणारा माणूस ते घालणार नाही आणि त्याला घाल म्हणण्यात अर्थही नाही. इथे जुन्या शिलेदाराची रीत मला पटते. सगळे अंग झाकता येत नसेल तर आधी डोके, मग छाती-पाठ, मग बाकीचे. निदान चपलेऐवजी बूट. लांबच्या प्रवासाला जाड पूर्ण बाह्यांचे काहीतरी, जसा गरीब स्वाराचा कापूस भरलेला अंगरखा. पाय उघडे राहतील. महादजींचेही राहिले होते.

आणि वजनाचे म्हणाल तर भारतीय मानकाने हेल्मेटची मर्यादा दीड किलोवरून एक किलो दोनशे ग्रॅमवर आणली आहे. १ जून २०२१ पासून मानकाची खूण नसलेले हेल्मेट विकणे बेकायदा आहे. रस्त्याच्या कडेला दोरीला टांगलेली स्वस्त टोपडी तरीही खपतात, ती फक्त पोलिसांसाठी असतात. जशी दरबारात मिरवायची, सोन्याचे पाणी दिलेली पातळ पत्र्याची चिलखते असत.

गोव्यात एक अडचण मात्र खास आपली. पिवळ्या मडगार्डचा पायलट. बसस्टँडवर उतरायचे, पायलटच्या मागे बसायचे, पाच मिनिटांत कामाच्या जागी. त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते. मागच्याने काय घालावे? दुसरे हेल्मेट त्याने ठेवले तरी सकाळपासून पंधरा डोक्यांचा घाम त्यात मुरलेला, आणि केसांना तेल लावून आलेली आमची आजी ते हातात धरते, डोक्यावर घेत नाही. शिंद्यांच्या पागेतल्या बारगिराला सरकारी घोडा चालत असे, सरकारी टोपही चालत असणार. पायलटच्या गिऱ्हाईकाला तो चालत नाही. धुता येईल असे आतले अस्तर किंवा एकदा वापरून टाकायची कापडी टोपी, एवढ्याने हे निभण्यासारखे आहे. वर दिलेल्या आकड्यातले चौदा हजार मागेच बसलेले होते.